शब्दचर्चा : ओन्सेन, ऱ्योकान आणि विसण

पुण्याहून
जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी छोटी माहितीपुस्तिका लिहिते आहे. रेल्वे, मंदिरं, बाजार इथवर गाडी बरी चालली. गरम झऱ्याकाठच्या जुन्या पद्धतीच्या मुक्कामाशी येऊन अडली. ‘ओन्सेन’ला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्याला, ‘उन्हाळे’ म्हणावं का? आजोळ राजापूरचं, त्यामुळे हा शब्द कानावरचा आहे. तिथल्या निवासाला (जपानी शब्द ryokan) काय म्हणायचं, धर्मशाळा की पांथशाळा? की मूळ शब्दच ठेवायचा, आणि ठेवला तर लिहायचा कसा? शिवाय ‘ओन्सेनमध्ये स्नान करावे’ हे माझं वाक्य जपानी शिकणाऱ्या एका मुलीने सरळ खोडलं. कारण विचारायचं राहून गेलं.

रत्नागिरीहून
उन्हाळे जरूर वापरा. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, खानदेशातलं उनपदेव, सगळीकडे तेच ‘ऊन’ म्हणजे गरम. ‘ऊन ऊन भात’मधलं. इतका घरचा शब्द असताना ‘उष्णोदक-कुंड’ कशाला?

डोंबिवलीहून
काका, शब्द गोड आहे, पण त्याला विभक्ती लावून बघा. ‘जानेवारीत उन्हाळ्यात बसलो होतो, बाहेर बर्फ पडत होता.’ वाचणारा पुस्तिका मिटून ठेवेल.

नागोयाहून
विभक्तीपेक्षा मोठी अडचण अर्थाची आहे. जपानमध्ये ओन्सेन कशाला म्हणायचं हे १९४८ च्या कायद्याने ठरवलंय. जमिनीतून येणारं पाणी उगमाशी किमान २५ अंश सेल्सियस असावं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी निदान एक त्यात नेमून दिलेल्या प्रमाणात असावा. यातली एक अट पुरली तरी चालते. म्हणजे गार पाण्याचा झराही कायद्याने ओन्सेन होऊ शकतो, मग ते तापवून हौदात सोडतात. उलट शहरातल्या ‘सेंतो’त, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, बहुतेक ठिकाणी साधं पाणी तापवलेलं असतं. ते कितीही कढत असो, ओन्सेन नव्हे. ‘उन्हाळे’ नि ‘गरम पाण्याचा झरा’ दोन्ही इथे तोकडे पडतात. त्यात ओन्सेन हा शब्द झऱ्याला लागतो, हौदाला लागतो आणि गावालाही लागतो. कुसात्सु ओन्सेन, किनोसाकी ओन्सेन ही गावंच आहेत. मी तर मूळ शब्द ठेवून पहिल्या वेळी खुलासा करीन.

डोंबिवलीहून
निवासाचा शब्दही मूळचाच ठेवा, लिहायची सोय आपल्याकडे आयती आहे. ‘सूर्य’मधला र्य नको, ‘दऱ्या’मधला ऱ्य हवा : ऱ्योकान. ‘र’ रफार होऊन डोक्यावर बसत नाही, पूर्ण अक्षराआधी हलकेच लागतो, जपानी उच्चारही तसाच आहे. हिंदीवाल्यांना ‘रियोकान’ असा फोड करून लिहावं लागतं. मराठीने हे अक्षर जपलंय तर वापरू या की.

पुण्याहून
ऱ्योकान पक्कं. पण ओळख करून देताना एखादा मराठी शब्द लागेलच ना?

सांगलीहून
धर्मशाळा नको, तिथे पाप-पुण्याचा हिशेब असतो, इथे माणशी येनचा. ‘लॉज’ला वेगळाच वास येतो. आणि ‘हॉटेल’ म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला मिसळ आठवते. तसं पाहिलं तर यामानाशी प्रांतातलं निशियामा ओन्सेन केइउनकान, ज्याची स्थापना इ. स. ७०५ ची मानतात, त्याला गिनीजने जगातलं सर्वांत जुनं ‘हॉटेल’ म्हणूनच नोंदवलंय. पण ते त्यांचं त्यांच्यापाशी.

माझं मत ‘मुक्काम’ला. ऱ्योकानचा दर बहुधा ‘इप्पाकु निशोकु’ असा सांगतात. हाकु (इथे पाकु) म्हणजे मुक्काम, शोकु म्हणजे जेवण. ‘एक मुक्काम, दोन जेवणं’, रात्रीचं आणि सकाळचं. शब्दाला शब्द बसतो. नुसतं राहायचं असेल तर ‘सुदोमारी’, म्हणजे कोरा मुक्काम. थोडक्यात, आपली जुनी पाटी : राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.

जेवणावरून एक सांगतो. ‘काइसेकी’ हे एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक चहाविधीआधीचं साधं जेवण, दुसरं मेजवानीचं क्रमाने येणारं पान. ऱ्योकानात बहुधा दुसरं असतं. आणि शाकाहारी वाचकांसाठी ‘मांस नको’ एवढंच लिहून भागणार नाही. रश्शाच्या मुळाशी ‘दाशी’ असते आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या किसाची. आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवं, आयत्या वेळी स्वयंपाकघर काही बदलू शकत नाही.

ओसाकाहून
ताई, वाक्य खोडणारी मी नव्हे, पण मीही खोडलं असतं. अंघोळ ओन्सेनच्या ‘आधी’ होते. हौदाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा, फेस पार धुवायचा, मग पाण्यात जायचं. हौदात साबण नाही, अंग चोळणं नाही, छोटा पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. जपानीत क्रियापदही ‘हाइरु’ आहे, म्हणजे शिरणे. मराठीत ‘पाण्यात उतरणे’ किंवा नुसतं ‘बसणे’ बरोबर. ‘डुंबणे’ मला खटकतं, त्यात मुलं आणि म्हशी येतात.

आणि कृपा करून कुणी ‘सचैल स्नान’ लिहू नका. एका लेखात वाचून हसू आवरेना. सचैल म्हणजे वस्त्रांसकट! इथे हौदात जाताना अंगावर सूतही चालत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. पुस्तिकेत हे आडवळणाने लिहू नका. आपली माणसं नेमकी इथेच दारातून परत फिरतात. बायकांचे नि पुरुषांचे हौद बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, आणि काही ठिकाणी ठरावीक वेळेला त्यांची अदलाबदल होते. सकाळी उठून कालच्याच दारात शिरण्याआधी पडद्यावरची खूण वाचायची.

कोल्हापूरहून
एवढी चर्चा झाली आणि ‘विसण’ कुणी काढलंच नाही? बंबातलं कढत पाणी घंगाळात घेऊन वर गार पाणी ओतायचं, ते विसण. ओन्सेनच्या जगात विसण हा वादाचा विषय आहे. तिकडे त्याला ‘कासुइ’ म्हणतात. ज्या हौदात झऱ्याचं पाणी सतत येतं आणि काठावरून वाहून जातं, गाळून पुन्हा फिरवलं जात नाही, ते ‘काकेनागाशी’. जाणकार ही पाटी बघून ऱ्योकान निवडतात, आणि त्यातले काही विसणाचा थेंबही सोसत नाहीत. २००४ मध्ये नागानो प्रांतातल्या शिराहोने इथे दुधाळ पाण्याचा रंग टिकवायला पूड मिसळल्याचं उघड झालं, मोठा गहजब झाला. २००५ पासून पाण्यात विसण आहे का, ते तापवलंय का, फिरवून वापरलंय का, जंतुनाशक घातलंय का, हे लिहून लावणं बंधनकारक आहे.

मग कढत झऱ्यात माणूस उतरतो कसा? कुसात्सुमध्ये झऱ्याचं पाणी लाकडी पन्हळींतून खेळवून निववतात. तिथली जुनी रीत ‘युमोमी’ : बायका लांब फळ्यांनी हौदातलं पाणी ढवळतात, तेही गाणं म्हणत. ‘मोमु’ म्हणजे मळणे, रगडणे. पाणी मळायचं, पण पातळ करायचं नाही. ‘विसण न घालता पाणी निववणे’ ही अख्खी कल्पना मराठीत चार शब्दांत मावते, आणि आपण ‘तापमान नियंत्रण’ लिहीत बसतो.

नागोयाहून
व्वा. जपानीत गरम पाण्याला वेगळाच शब्द आहे, ‘यु’. गार पाणी ‘मिझु’. वरचं ‘युमोमी’ त्यातलंच. स्नानगृहाच्या पडद्यावर बहुधा ‘यु’ एवढंच एक अक्षर असतं. आठवडाभर राहून झऱ्याचं पाणी घ्यायची जुनी प्रथा आहे, ‘तोजी’, त्यातही ते गरम पाणीच लिहिलेलं असतं. तिला ‘हवापालट’ जवळचा वाटतो.

पुण्याहून
‘तोजी’ला चौकट देते. सध्याचं वाक्य असं : ‘ऱ्योकानात पोचल्यावर आधी अंघोळ उरकावी, मग ओन्सेनमध्ये उतरावे, पाण्यात विसण आहे की नाही हे पाटीवर लिहिलेले असते.’ ‘ते ऱ्योकान’ असं नपुंसकलिंगी चालेल ना? आणि ‘युकाता’ या तिथल्या पोशाखाचं काय, तो की ती?

ओसाकाहून
ते ऱ्योकान, चालेल. युकाता इथली मराठी मंडळी ‘घातली’च म्हणतात. मूळ शब्द ‘युकाताबिरा’, स्नानाच्या वेळचं वस्त्र. लिंग काहीही ठेवा, पण डावा पदर उजव्याच्या वर आला पाहिजे हे चित्र काढून दाखवा. उलटा पदर मृताला घालतात. तसं नेसून जेवायला आलात तर तिथली बाई हसून, काही न बोलता, स्वतःच नीट करून देईल.

डोंबिवलीहून
‘नेसून’ की ‘घालून’? युकाता शिवलेली असते, म्हणजे ‘घालून’.

ओसाकाहून
पट्टा मात्र गुंडाळावा लागतो. त्यासाठी वेगळा धागा काढा.