आधी मदरबोर्ड बघा
आठ वर्षांच्या लॅपटॉपवर खर्च करावा की नवाच घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. आधी तो उघडून मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला आतला मुख्य बोर्ड, बघून घ्या. आपल्या गोव्यातली दमट, खारी हवा बोर्डाला गंज चढवते. तसं झालं असेल तर पैसे घालू नका. बोर्ड स्वच्छ असेल तर मात्र फेकू नका, मनापासून सांगतो. फोंड्याला मी माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली, जास्त वेगवान डिस्क) बसवून घेतली, रॅम (चालू कामापुरती मेमरी) ४ची ८ जीबी केली; रडतखडत सुरू होणारा लॅपटॉप आता चटकन उघडतो.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ सहसा अधिकृतपणे चालत नाही, मग विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय का? बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग आजच बंद करा.