आईचा तानपुरा व्हिडिओत गेला कुठे?

नौपाडाकर:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आई ७६ वर्षांची आहे, अजून रोज गाते. मागच्या रविवारी ठाण्यातल्या घरीच तिचा एक अभंग मोबाइलवर शूट केला. बहीण तानपुऱ्यावर, तो आईने लग्नाआधी मिरजेहून आणलेला, शेजारच्या काकू टाळ घेऊन आणि एक दादा तबल्याला. समोर बसून ऐकताना अंगावर काटा आला अक्षरशः. मग मी एडिटिंग ॲपमध्ये पुढचं-मागचं कापलं, सेव्ह केलं, मेसेजवरून भाच्याला पाठवलं, तो घणसोलीला असतो, आईचं यूट्यूब चॅनल तोच बघतो, आणि त्याने ते टाकलं. आता ऐकतोय तर तानपुरा जवळजवळ नाहीच, आई ओळ संपवून श्वास घेते तिथे सगळं सुन्न, टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे छ्श्श छ्श्श, आणि डग्ग्यावर जोरात थाप पडली की आईचा आवाज क्षणभर दबतो. १०८० ला लावून बघितलं तरी तेच. अपलोड करताना फाइल लहान करायला जे कॉम्प्रेशन होतं त्याचाच हा प्रकार ना? स्टुडिओ नको, आई तिथे मोकळी गाणार नाही.

कोपरीकर_७७:
४के करून टाका, आवाजाला पण जास्त बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा, मिळतो. मी तसंच करतो.

वाशीचा_साउंडवाला:
कोपरीकर, ते चित्रापुरतं ठीक आहे, आवाजाला नाही. आता यूट्यूबवर चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात, त्यामुळे १०८० काय नि ४के काय, आवाज तोच, एएसी साधारण १२८ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) किंवा ओपस १६० च्या आसपास. एएसी, ओपस या आवाज कॉम्प्रेस करायच्या पद्धती.

नौपाडाकर, तुमचा तानपुरा अपलोडने खाल्लेला नाही, तो शूट करतानाच गेलाय असं मला वाटतं. फोनमधलं नॉइज रिडक्शन काय करतं, तर जो आवाज एकसारखा चालू आहे, बदलत नाही, तो पंखा किंवा एसी समजून वजा करतं, आणि तानपुऱ्याचं तर कामच एकसारखं चालू राहणं! त्या मशीनला जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, आणि पंख्याची घरघर यात फरक कळत नाही हो. डग्ग्याला आवाज दबतो ते ऑटो गेन, मोठा आवाज आला की फोन सगळंच खाली ओढतो आणि मग हळूहळू वर आणतो. ही दोन्ही दुखणी मूळ फाइलमध्ये असतील तर कितीही वेळा अपलोड करा, परत येणार नाही.

टाळाचं मात्र कॉम्प्रेशनच. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा कच्चा आवाज १५३६ केबीपीएस असतो, १२८ म्हणजे त्याचा बारावा हिस्सा. कानाला कमी जाणवेल ते टाकून देऊन हे जमवतात आणि एकदाच केलं तर खूप छान जमतं. पण बिट कमी पडले की पेटी, गळा बऱ्यापैकी निभावतात, टाळाचा तो वरचा विखुरलेला छणछणाट पहिला बिघडतो. आणि तुमची फाइल कॅमेऱ्यात एकदा, एडिटिंगला एकदा, मेसेजला एकदा आणि साइटवर एकदा अशी चार वेळा पिळली गेली. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षर जसं फुटतं ना, तसंच.

आधी गॅलरीतली मूळ फाइल चांगल्या वायरच्या हेडफोनवर ऐका आणि सांगा. ब्लूटूथ नको, तिथे परत एकदा कॉम्प्रेस होतं.

ऐरोलीची_ताई:
साउंडवाले दादा म्हणतात ते अगदी खरं. आमच्या ऑनलाइन क्लासला गुरुजी तानपुरा लावायचे आणि चार-पाच सेकंदांत तो विरून जायचा, आम्ही मुली बेसूर, त्यांना वाटायचं आम्ही लक्ष देत नाही. ॲपमध्ये ओरिजिनल साउंडचं सेटिंग सापडलं तेव्हा कुठे सुटका झाली.

नौपाडाकर:
ऐकली. मूळ फाइलमध्ये टाळ स्वच्छ आहेत! तानपुरा तिथेही नाही 😞 म्हणजे परत शूट करावं लागणार. काय काळजी घेऊ?

वाशीचा_साउंडवाला:
व्हिडिओ त्याच फोनवर करा, आवाज दुसऱ्या फोनवर वेगळा. रेकॉर्डर ॲप असं घ्या ज्यात नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन बंद करता येतं, फॉरमॅट वेव्ह (यात आवाज कॉम्प्रेस होत नाही), ४८ किलोहर्ट्झ. फोन आईपासून दोन फुटांवर, तानपुऱ्याच्या बाजूला. काकूंना मागे बसवा, सहा-सात फूट तरी, टाळ जवळ असले की बाकी सगळ्यांना खातात. पंखा बंद. सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटिंगला चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवायचे. लेव्हल शून्याला टेकू देऊ नका, आवाज फाटतो, पण फार खालीही नको, यूट्यूब मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) उतरवतं, बारीक आवाज वर आणत नाही. एक्सपोर्टला एएसी ३८४ केबीपीएस, त्यांचा स्वतःचाच सल्ला आहे स्टिरिओसाठी. आणि भाच्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्ह द्या, व्हिडिओ म्हणून मेसेज करू नका, प्लीज.

नौपाडाकर:
काल पहाटे साडेपाचला केलं, रस्ता जागा व्हायच्या आत. पेन ड्राइव्ह घेऊन मीच घणसोलीला गेलो. अपलोड झाल्यावर ऐकलं, आई ओळ सोडते आणि त्या रिकाम्या जागेत खरजाची तार पूर्ण ऐकू येते, अगदी विरेपर्यंत. आईला हेडफोन लावून दिला. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, दुसऱ्या अंतऱ्यात माझा पंचम किंचित उतरलाय रे, आधीच्या व्हिडिओत कळलंच नव्हतं, रविवारी परत करू.