शोयाला माफ करायचं की नाही?

नीलाक्षी
परवा इथे कुणीतरी लिहिलं की 'अ सायलेंट व्हॉइस' म्हणजे बहिऱ्या मुलीला छळणाऱ्या पोराला हिरो करून वर तिच्याकडूनच त्याला माफी मिळवून देणारी गोष्ट. वाचून डोकं फिरलं. नुसता २०१६ चा चित्रपट बघून मत ठोकून द्यायचं! ज्यावरून तो काढला, त्या योशितोकी ओइमाच्या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, सातही खंड वाचा आधी. सहावीतला शोया वर्गातल्या बहिऱ्या शोकोच्या कानातली ऐकायची मशीनं ओढून काढतो, ५ महिन्यांत ८ मशीनं जातात, भरपाई १७ लाख येन. ती भरते त्याची आई, सलून चालवून घर ओढणारी एकटी बाई. पुढे हा पोरगा कुणाच्या तोंडाकडे बघू शकत नाही. कामं करून, सामान विकून तेवढेच पैसे जमवतो, झोपलेल्या आईच्या उशाशी ठेवतो आणि जीव द्यायला निघतो. याला हिरो करणं म्हणतात?

अश्विन के.
सातही वाचलेत. मत तेच आहे. त्याच्या पश्चात्तापाला ७ खंड, आणि शोकोला काय? ती आपली सगळ्यांची माफी मागत फिरते. शाळेत ज्यानं माझं दप्तर मुतारीत टाकलं, तो हल्ली लग्नाकार्यात भेटला की पाठीवर थाप मारून म्हणतो, "काय मजा करायचो रे!" त्याच्या लक्षातही नाही. शोयासारखे झुरणारे फक्त कागदावर असतात.

गार्गी_नाशिक
अश्विनदादा, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण खरा गुन्हेगार तो त्यांचा वर्गशिक्षक, ताकेउची. त्याला सगळं दिसत होतं. मुख्याध्यापक वर्गात आले तसा शोयाकडे बोट दाखवून मोकळा झाला, आणि कालपर्यंत खिदळणारी पोरं शोयावर उलटली.

शुभदा
आलंच शिक्षकावर! मी प्राथमिकला शिकवते. दोन इयत्ता एका खोलीत, त्यात एक ऐकू न येणारा मुलगा, त्याच्यासाठीची शिक्षिका कधीमधी फिरकणार, वर निवडणुकीची कामं. आणि गोष्टीतल्या शिक्षिका किताबाई विसरलात का? रोज ३ मिनिटं खुणांची भाषा शिकूया म्हणाल्या, तर वर्गातल्याच उएनो नावाच्या पोरीनं सगळ्यांसमोर मोडता घातला. साहारा नावाची मुलगी तयार झाली, तर पोरींनी टोमणे मारमारून तिचीच शाळा सोडवली. अशा वेळी बाईंनी काय करायचं?

गार्गी_नाशिक
टोमणे मारणाऱ्यांना थांबवायचं! माझ्या भाचीच्या बाईंना तिनं तीनदा सांगितलं, तर म्हणाल्या, "तू लक्ष नको देऊस." शेवटी शाळा बदलली भाचीनं, त्या पोरी तिथेच आहेत. जपानमध्ये २०११ साली ओत्सू शहरात शाळेतल्या छळानंतर १३ वर्षांच्या मुलानं आत्महत्या केली तेव्हा कुठे हलले सगळे. २०१३ च्या जूनमध्ये कायदा झाला, छळ रोखणं ही शाळेची जबाबदारी ठरली. ऑगस्टात ही मालिका सुरू झाली. ताकेउची उगाच आलेला नाही त्यात.

शुभदा
कायद्यानं माणसं मिळतात का वर्गात? एक दिवस उभ्या राहून दाखवा माझ्या जागी, मग शिकवा मला. भाचीच्या बाई चुकल्या, तेवढं मान्य.

मंदार_डी
तुम्ही दोघी भांडताय ते पोर कुठे गेलं? माझी बहीण जन्मापासून बहिरी. तिच्या शाळेत हात हलवले की हातावर पट्टी. "तोंडानं बोल." घरीही कुणी खुणा शिकलं नाही, मीही नाही. जेवताना सगळे हसले की ती माझ्याकडे बघायची, मी म्हणायचो "नंतर सांगतो." कधी सांगितलं नाही. अश्विन, शोकोला काय मिळालं म्हणतोस ना? सहाव्या खंडातलं तिच्या बाजूचं प्रकरण परत काढ. संवादांच्या फुग्यांमधली अक्षरं अर्धवट पुसलेली आहेत, ताण देऊनही वाक्य लागत नाही. बहिणीला ते पान दाखवलं तर तिनं नुसती मान हलवली आणि पुस्तक स्वतःकडे ठेवून घेतलं.

नीलाक्षी
मंदार, हेच म्हणायचं होतं मला. शोयाची आई, शोकोला कडक शिस्तीत वाढवणारी तिची आई, नवरा आणि सासरचे तिला टाकून गेले ते, सगळं खंडांमध्ये आहे.

अश्विन के.
ते प्रकरण जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही. पण ते एकच आहे, शोयाची कितीतरी. आणि उएनो? आकाशपाळण्यात बसून शोकोच्या कानफटात मारते, पुढे हॉस्पिटलबाहेर तिला तुडवते, तरी शेवटी सगळ्यांबरोबर तीही. मंदार, तुझ्या बहिणीला विचार, हिला माफ करेल का.

मंदार_डी
विचारलं होतं. नाही म्हणाली. शोयाला मात्र हो, कारण तो खुणा शिकून आला.