शब्दचर्चा : 'कळ काढणे' आणि न सरणारे दुखणे

'क्रॉनिक पेन'ला मराठीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न मला गेल्या महिन्यात ठाण्यात, नौपाड्यातील एका फिजिओथेरपी केंद्रात आईचा अर्ज भरताना पडला. अर्जावर 'जुनाट दुखणे आहे का?' असे छापलेले होते आणि त्याखाली दुखणे किती आहे ते दाखवण्यासाठी शून्य ते दहा आकड्यांची पट्टी होती. आई म्हणाली, "सकाळी उठताना अंग आंबलेलं असतं, पोळ्या लाटून झाल्या की पाठ भरून येते, आणि रात्री कूस बदलली की डाव्या पायात चमक निघते. यातलं कुठलं लिहू?" मी सातवर खूण करून मोकळा झालो, आणि तिने सांगितलेले सारे त्या आकड्यात हरवले याची चुटपुट मला अजून आहे.

अंग आंबणे, पाठ भरून येणे आणि चमक निघणे या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. पाठीतून पायात उतरणारी चमक, मुंग्या किंवा आग यांवरून डॉक्टरांचे लक्ष मज्जातंतूकडे जाते; ठणका आणि ठसठस हे शब्द आपण सुजेला, पिकलेल्या गळवाला किंवा किडलेल्या दाढेला वापरतो; कळ लाटेसारखी येते आणि ओसरते; उसण अचानक भरते; रग एकाच स्थितीत राहिल्याने लागते. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने जी वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द गटवार मांडलेले आहेत, कारण वेदना किती आहे याइतकेच ती कशी आहे हेही महत्त्वाचे असते. असे शब्द आपल्या घरांत रोज बोलले जातात. ते दवाखान्यात जसेच्या तसे सांगावेत आणि ऐकणाऱ्यानेही ते तसेच लिहून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

आता 'जुनाट' या शब्दाविषयी. जुनाट खोकला, जुनाट सर्दी असे आपण म्हणतो, तेव्हा मूळ रोग अजून शरीरात ठाण मांडून आहे असा अर्थ त्यात गृहीत असतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन म्हणतात, आणि तिच्यात पुष्कळदा असे घडते की मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील होऊन धोक्याचा इशारा देतच राहते. म्हणूनच एमआरआयमध्ये विशेष काही आढळले नाही, एवढ्यावरून कोणाची वेदना खोटी ठरत नाही. विश्वकोशातील 'चिरकारी' हा शब्द अचूक असला तरी तो बोलण्यात रुळलेला नाही. लेखनात 'दीर्घकालीन वेदना' हाच शब्द मला योग्य वाटतो. 'दुखणे' म्हणजे आजारपणही, आणि त्यातूनच 'दुखणाईत' हा शिक्का माणसावर बसतो. 'वेदना' हा शब्द मात्र 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेली व्याख्याही तिला संवेदनात्मक आणि भावनिक अनुभवच म्हणते.

माझा खरा आक्षेप 'कळ काढणे' या वाक्प्रचाराच्या वापराला आहे. "जरा कळ काढ" हे सुई टोचताना किंवा बाळंतपणात म्हणणे ठीक, कारण तिथे शेवट दिसत असतो. चार वर्षे पाठ दुखणाऱ्या बाईला तेच सांगितले की ती दुखणे अंगावर काढते, आणि आईने पहिली दोन वर्षे नेमके तेच केले. बरे वाटले त्या दिवशी ती माळ्यावरचे डबेसुद्धा उतरवून घासायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळायची. फिजिओथेरपिस्टने तिला ठरलेले काम ठरल्या वेळेपुरते करायला, बऱ्या दिवशी ते एकदम न वाढवायला आणि वाईट दिवशीही थोडे चालायला सांगितले, तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे बेताबेताने." इंग्रजीत याला 'पेसिंग' म्हणतात, आणि त्यासाठी 'गती-नियोजन' असा शब्द घडवण्यापेक्षा 'बेताने करणे' कितीतरी सरस आहे. तसेच वेदना एकाएकी वाढते त्याला 'दुखण्याने उचल खाल्ली' असे म्हणता येते. 'वेदना व्यवस्थापन' हा शब्द कार्यालयीन कागदावर चालेल. घरात 'दुखणे आटोक्यात ठेवणे' म्हणावे, कारण त्यात पूर्ण बरे करण्याचे खोटे आश्वासन नाही.

दिवाळे, सारसोळे येथील कोळीवाड्यांतून किंवा नवी मुंबईतील आगरी घरांतून कोणी हे वाचत असल्यास एक विनंती आहे. वर्षानुवर्षे जाळे ओढून किंवा शेतात वाकून धरलेल्या कंबरेसाठी तुमच्या घरातील वडीलधारी माणसे कोणता शब्द वापरतात आणि तो कोणत्या वाक्यात येतो, हे कृपया लिहावे.