सहा महिन्यांत ना गायक होतो ना नर्स, मग हे कोर्स कशाला?

रामदासपेठी
कम्युनिटी कॉलेजात संगीत आणि रुग्णसहायक हे सहा-सहा महिन्यांचे कोर्स शेजारशेजारच्या खोल्यांत चालवण्यात काय अर्थ आहे? सहा महिन्यांत ना गायक तयार होतो ना नर्स. पहिला कोर्स हौसेचा, दुसरा खासगी दवाखान्यांना स्वस्त माणसं पुरवणारा. दोन्ही बंद करा आणि तो पैसा एएनएम नर्सिंगच्या जागा वाढवायला द्या.

सिस्टर_मेडिकल_चौक
रुग्णसहायक म्हणजे अर्धी नर्स, हा समज आधी काढून टाका. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग तीन वर्षांचं, आणि दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. सहायकाची होत नाही, कारण त्याने सुईला हात लावायचाच नाही. त्याचं काम वेगळं आहे आणि नीट शिकवलं तर सहा महिन्यांत शिकवता येतं.

पॅरालिसिसचा पेशंट घ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांवर, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली द्यायची, टाचेखाली नाही. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहायचं. दाबल्यावर ती पांढरी पडत नसेल तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय, लगेच सिस्टरला सांगायचं आणि तिथे चोळायचं नाही. घरोघरी तेल चोळून चोळूनच जखमा वाढवल्या जातात.

आरटी फीड, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने दिलेलं पातळ अन्न: नळी जागेवर आहे हे सिस्टरने तपासल्याशिवाय सुरू करायचं नाही. डोकं ३० ते ४५ अंश वर, एका वेळी दोनशे-अडीचशे मिलीपेक्षा जास्त नाही, नंतर किमान अर्धा तास तसंच टेकून ठेवायचं. लगेच आडवं केलं की फीड उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, मूत्राशयाच्या खालीच लटकवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. स्ट्रेचरवर नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेव्हा बॅगेतली लघवी उलटी चढते आणि इन्फेक्शन होतं.

हे सगळं आज कोण करतं? बिचारे नातेवाईक, ज्यांना कुणी काही शिकवलेलं नाही. आणि तुम्ही म्हणता कोर्स बंद करा!

रामदासपेठी
मॅडम, कागदावर तुमचं बरोबर आहे. पण रात्रपाळीला एका मजल्यावर एक जीएनएम आणि चार सहायक असतील, तर पहाटे सहाचं अँटिबायोटिक कोण देतं? एप्रन एकाच रंगाचा, नातेवाईक सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात. डोस चुकला तर परवाना नसलेल्या मुलीवर ढकलून सगळे मोकळे. घरी जाणाऱ्यांचं तर विचारूच नका. माणसं पुरवणारा ब्युरोवाला पेशंटकडून पूर्ण पैसे घेतो, आपला वाटा कापतो आणि बारा तासांच्या ड्युटीला धाडतो. प्रमाणपत्र हातात देऊन तुम्ही हीच भरती करून देता.

षड्ज_महाल
सगळे दवाखान्यावरच बोलून राहिले. संगीताला 'हौसेचा' म्हटलं की विषय संपला का? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते याचसाठी, की घराण्यात न जन्मलेल्या मुलालाही वर्गात बसून गाणं शिकता यावं. आपलं नागपूर विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली. विदर्भात गावोगावी भजनी मंडळं आहेत. त्यांना ठेका धरणारा आणि सूर न सोडणारा माणूस लागतो, मैफिलीचा गवई नाही.

सहा महिन्यांत दहा अलंकार म्हणजे स्वरांचे पलटे, चार-पाच रागांची ओळख, त्रिताल-केहरवा-दादरा हे ताल हातावर, एवढं होतं. गांधर्वच्या परीक्षांच्या पायऱ्या बघा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमाच्या दोन, विशारदच्या दोन. या कोर्सने पहिल्या पायऱ्या चढवल्या तरी बास.

दोष दुसरीकडे आहे. या वर्गांत पहिल्या दिवसापासून मुलांना पेटीवर (हार्मोनियमवर) गायला लावतात. तंबोरा कपाटावर धूळ खातो. कान तिथेच बिघडतो.

पेटीवाला_इतवारी
झालं, पेटीवर खापर फोडून मोकळे! वर्गात वीस मुलं. मुलींचा सा पेटीच्या काळी चार-पाच पट्टीवर, मुलांचा काळी एक-दोनवर. दर वेळी तंबोरा लावत बसलात तर अर्धा तास खुंट्या पिळण्यातच जाईल. नवशिक्याला स्वर दाखवायला पेटीसारखं वाद्य नाही, बोट ठेवलं की स्वर समोर.

षड्ज_महाल
कोणता स्वर? पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप निघणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे स्वरांतर मोजायचं माप), आणि अख्खा अर्धस्वर १०० सेंटांचा. पंचमात फरक दोनच सेंटांचा, म्हणून तो खपून जातो. गंधार-धैवतात खपत नाही. मुलगा सहा महिने त्या चढ्या गंधारावर घोकतो आणि पुढे गुरूकडे गेल्यावर वर्षभर तो विसरत बसतो. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, भूप रागातल्या गंधार-रिषभाची ओढ दाखवणार कशी? खुंट्यांचं म्हणाल तर दोन तंबोरे ठेवा, एक काळी एकला, एक काळी चारला. क्लासच्या आधी दहा मिनिटं लावायचे. बाकी पट्ट्यांना इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहेच.

पेटीवाला_इतवारी
हेच सोवळं पाळून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली होती. १९७१ मध्ये अटी घालून का होईना, परत घ्यावी लागली. मोठमोठ्या गवयांच्या साथीला पेटी चालते आणि तुमच्या प्रवेशिकेच्या मुलांना चालत नाही? १४ सेंटांचा हिशेब ज्याचा सा अजून लागत नाही त्याच्यासमोर मांडून काय उपयोग?

ठेका_सक्करदरा
तुम्ही दोघं भांडून राहिले, पण खोलीत कूलर लागला आहे त्याचं कोणी बोलत नाही भाऊ! मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर जाते. कोरड्या हवेत कातडं आवळते, तबल्याचा सूर चढते. मग कूलरसमोर बसले का कातडं ओल पिते आन् तबला उतरते. पोट्टे हातोडीनं ठोकून ठोकून चढवतात. रात्री कूलर बंद, तेच ताणलेलं कातडं सुकते, आन् सकाळी पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटलेली. दोष कोणाचा? म्हणे तबलाच खराब!

तबला लावाचं पहिल्या आठवड्यात शिकवा. आधी बाजूचे लाकडी गठ्ठे सरकवून सूर जवळ आणा, मग गजऱ्यावर, म्हणजे काठाच्या विणीवर, हातोडी. चढवाचा तर वरून खाली, उतरवाचा तर खालून वर. समोरासमोरची घरं, म्हणजे दोन वाद्यांमधल्या जागा, घ्या, ओळीनं गोल फिरले तर एक बाजू ताणते. मधल्या काळ्या शाईवर हातोडी पडली का पुडी गेली. क्लास सुटला का गठ्ठे जरा वर सरकवून ताण कमी करा, खोळ घाला, कूलरपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात क्लास सकाळी सातलाच घ्या.

पेटीवाला_इतवारी
ठेकाभाऊंचं मान्य. पेटीलाही ओल लागली की लाकूड फुगतं, पट्टी अडकते आणि एकच सूर वाजत राहतो. पण तंबोऱ्याचा आग्रह धरणाऱ्यांना विचारा, याच हवेत त्यांच्या भोपळ्याला तडा जात नाही का?

षड्ज_महाल
जातो. म्हणूनच तो कपाटावर उघडा ठेवू नका म्हणतोय. पेटी साथीला ठेवा, स्वर शिकवायला नको. यापुढे मी हटणार नाही.

सिस्टर_मेडिकल_चौक
तबल्याच्या पुडीवर एवढी चर्चा झाली, बेडसोअरवर एकाने दुसरी ओळ लिहिली नाही. वाईट वाटतं.

रामदासपेठी, तुमचा रात्रपाळीचा मुद्दा खरा आहे. पण तो गुन्हा दवाखान्याचा आहे, कोर्सचा नाही. कोर्सच नसेल तर त्याच जागी काहीही न शिकलेली मुलगी उभी करतील, आणि तिला सलाईनचा सेट लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि सुई पांढऱ्या डब्यात हे दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतलं साधं वर्गीकरणही माहीत नसेल. हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे, हेसुद्धा नाही.

रामदासपेठी
बरं, बंद करा हे मागे घेतो, पण अटींवर. प्रमाणपत्राच्या मागे मराठीत छापा: इंजेक्शन, सलाईन, औषध देणं, कॅथेटर किंवा नळी घालणं ही कामं हा माणूस करणार नाही. एप्रनचा रंग वेगळा. ब्युरोने काय कापलं ते पावतीवर. संगीताबद्दल माझं मत तेच आहे, ते लोकांनी स्वतःच्या पैशाने शिकावं.

सिस्टर_मेडिकल_चौक
तिन्ही अटी योग्य आहेत. चौथी माझी: लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सही वॉर्डातल्या सिस्टरची हवी, कॉलेजच्या सरांची नाही. आज बऱ्याच ठिकाणी शेवटच्या आठवड्यात सगळी पानं एकदम भरली जातात. बेड-टू-व्हीलचेअर, म्हणजे पेशंटला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणं, हीच नोंद उदाहरणाला घ्या. ब्रेक लावले का, पायपट्ट्या वर केल्या का, खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला होती का, हे समोर उभी राहून पाहणारीच सांगू शकते. ब्रेक न लावता उठवलं की खुर्ची मागे सरकते, पेशंट खाली बसतो आणि खुब्याचं हाड मोडतं. ती सही खोटी असेल तर बाकीच्या तिन्ही अटींना अर्थ नाही.

षड्ज_महाल
'स्वतःच्या पैशाने' या वाक्याला उत्तर देणारा वेगळा धागा काढतो आहे. ज्याच्या बापाकडे पैसा नाही त्याने गाऊ नये, असं म्हणणाऱ्याला इथे दोन ओळींत सोडणार नाही.