'ब्लॅकफेस'ला 'काळं फासलेलं तोंड' म्हणावं का?

मजकूरवाला: दिवाळी अंकासाठी टॉम अँड जेरीवरचा एक लेख मराठीत करतोय. स्फोट झाला की टॉमचं तोंड काळंकुट्ट होतं आणि ओठ जाड दिसतात, ते आठवत असेलच. लेखात त्याला 'ब्लॅकफेस' म्हटलंय. मी 'काळं फासलेलं तोंड' लिहिलं, तर संपादकबाईंनी समासात लिहिलं, "टॉमची धिंड निघालीय का?" दुसरा शब्द सुचवा.

सुपारी: बाईंचं बरोबर आहे. आपल्याकडे काळं फासतात ते दुसऱ्याला, त्याची अब्रू काढायला. अमेरिकेत 19व्या शतकात गोरे नट बूच जाळून ती काजळी स्वतःच्याच तोंडाला लावायचे आणि काळ्या लोकांची टिंगल करायचे. अब्रू जायची ती त्या काळ्या लोकांची. 'काळ्यांचं सोंग' म्हणा.

कोकणकडा: सोंगाला बट्टा नको. आमच्याकडे शिमग्यात संकासुर नखशिखान्त काळा असतो. पोरं घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. तो कुणाची नक्कल करत नाही.

शुद्धमती: कृष्णमुखलेपन.

सुपारी: उटण्याची जाहिरात वाटेल हो!

मजकूरवाला: आणखी एक. टॉमला झाडूने बडवणारी ती बाई. लेखात 'मेड' आहे, मी 'मोलकरीण' केलं. बहीण भांडतेय की ती मालकीण.

चिंचगोळी: मालकीणच! नव्वदीत कार्टून नेटवर्कवर आम्हाला तिचे जाड पाय, सपाता आणि झाडू एवढंच दिसायचं. फ्रिज तिचा, मांजर तिचं, ओरडाही तिचा. आमच्या आजीचाच थाट. जाडजूड, एप्रनवाली काळी स्वयंपाकीण हा अमेरिकेतला ठरलेला साचा आहे, हे फार उशिरा कळलं. कळल्यावर जरा कानकोंडं झालं.

सुपारी: 1940च्या पहिल्याच भागात ती आहे, तेव्हा टॉमचं नाव जॅस्पर होतं. 1952पर्यंत तिला आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. पुढे 1960च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली. साचा नको म्हणून बाईच खोडली!

शुद्धमती: तिची इंग्रजी अशुद्ध आहे, तेही लेखात यायला हवं.

कोकणकडा: अशुद्ध कशी? बोली आहे ती.

मजकूरवाला: म्हणूनच मी तिला वऱ्हाडी दिलीय: "आनखी येक भांडं फुटलं त भायेर काहाडीन तुले!"

संत्राबर्फी: वा! झाडू हातात आला की वऱ्हाडी, नाहीतर मालवणी. आमच्याकडे डॉक्टर, कलेक्टर बोलतच नाहीत जणू. अमेरिकेतला साचा तुम्ही थेट अकोल्यात आणून बसवलात.

शुद्धमती: मग प्रमाण मराठीच बरी.

संत्राबर्फी: म्हणजे ती सदाशिव पेठेतली काकू होणार. तुमचं समाधान, तिचं काय?

मजकूरवाला: वाक्यच काढून टाकतो.

चिंचगोळी: पुन्हा खोडलीत का तिला!

मजकूरवाला: अहो, उद्या मजकूर द्यायचाय. ब्लॅकफेसचं काय करू?

कोकणकडा: काजळीवरून आठवलं, मशेरी हा शब्द मषीवरून आला ना? मषी म्हणजे शाई, काजळ.

शुद्धमती: निःसंशय.

सुपारी: छे! हिंदीतल्या मिस्सीवरून. दात काळे करायची ती पूड. आमची पणजी लावायची.