जुन्या वाइनच्या सहा बाटल्या एकाच बैठकीत उघडायच्यात, आधी काय तपासावं?

मोंढानाका

मंडळी, संभाजीनगरात डिसेंबरात सहा जण बसणार आहोत. उघडायच्या बाटल्या अशा:

मेदोकची बोर्दो १९९६ (फ्रान्सची रेड), दोन, एकाच पेटीतल्या
रिओहा ग्रान रेसेर्वा २००१ (स्पेनची रेड)
व्हिंटेज पोर्ट २००३ (पोर्तुगालची गोड, कडक वाइन)
ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीची रिझलिंग २००८ (व्हाइट), स्क्रू कॅपची
नाशिकची रिझर्व्ह शिराझ २०१३ (रेड)

गेली आठ वर्षं सगळ्या कॉम्प्रेसरच्या वाइन फ्रिजमध्ये १४ अंशांवर आडव्या आहेत. त्याआधी रिओहा आणि शिराझनी दोन उन्हाळे साध्या कपाटात काढलेत. दोन्ही बोर्दोंची पातळी सारखी नाही. एकीची मानेच्या तळाशी आहे, दुसरीची खांद्याच्या मध्यावर.

न उघडता कितपत अंदाज येतो? किती आधी उघडायच्या, डिकँट (गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओतणं) कोणत्या करायच्या? आणि एखादी गेलेली निघाली तर थोडं थांबायचं की सरळ मोरीत ओतायची, हे कशावरून ठरवायचं?

जोडप्रश्न: गावाकडच्या वाड्याला दगडी तळघर आहे. पुढच्या बाटल्या तिथे ठेवता येतील का?

गोदाकाठ

न उघडता पातळी, बूच आणि रंग दिसतो. त्यातून चव कळत नाही, धोका कळतो.

बोर्दोच्या बाटलीला उंच खांदे असतात, त्यामुळे पातळी वाचायला सोपी. पंचवीस-तीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळापर्यंत असेल तर उत्तम. खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तरी वयाला साजेशी. मध्यावर उतरली असेल तर बूच कुठेतरी झिरपलंय किंवा बाटली कधीतरी तापलीय. त्याहून खाली गेलेली बाटली विकत घेऊच नये. बर्गंडीच्या उतरत्या खांद्याच्या बाटलीला हे माप लागू नाही. तिथे बुचाखाली किती सेंटिमीटर रिकामं आहे ते बघतात.

तापल्यावर नेमकं काय होतं? २० अंशांवरून ४० वर गेली की ७५० मिलीतली वाइन साधारण ५ मिलीने फुगते. बुचाखाली मोकळी जागाच जेमतेम तेवढी असते. मग वाइन बूच वर ढकलते नाहीतर त्याच्या कडेने पाझरते, आणि रात्री गार होताना बाहेरची हवा आत ओढून घेते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कपाटातल्या बाटलीचं हे रोजचं चालायलंय. म्हणून रिओहा आणि शिराझच्या कॅपवर, म्हणजे बुचावरच्या पातळ टोपीवर, बोट फिरवा. बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलंय का, कॅपखाली चिकट लागतंय का? कॅप हलक्या हाताने फिरत असेल तर चांगलं. अजिबात फिरत नसेल तर आत पाझरून वाळलेली वाइन असू शकते. हा पुरावा नव्हे, इशारा समजा.

रंगासाठी मोबाइलचा टॉर्च मानेमागे धरा. रेड कडेला विटकरी दिसली तर वयाचं लक्षण. मधोमधसुद्धा काळ्या चहाचा रंग आला असेल तर आशा कमी. रिझलिंग गडद सोनेरी चालते, तपकिरी नको.

एकाच पेटीतल्या दोन बाटल्या वेगळ्या का? मुख्य कारण बूच. ते झाडाच्या सालीचं, प्रत्येकाची रंध्रं वेगळी, त्यामुळे आत जाणारा ऑक्सिजनही वेगळा. पहिल्या दोन-तीन वर्षांत फरक जाणवत नाही, पंचवीस वर्षांत तो साठत जातो. ऑस्ट्रेलियाच्या वाइन संशोधन संस्थेने १९९९ च्या एकाच सेमिलॉनला (ही व्हाइट वाइन) १४ प्रकारची बुचं आणि झाकणं लावून ठेवली होती. काही वर्षांनी त्या रांगेत फिकट हिरवटपासून तपकिरीपर्यंत सगळे रंग होते, वाइन मात्र तीच. क्लेअरच्या उत्पादकांनी २००० पासून रिझलिंगला एकत्रितपणे स्क्रू कॅप लावायला सुरुवात केली ती याच वैतागातून. त्यामुळे तुमच्या यादीत सगळ्यात कमी जुगार रिझलिंगमध्ये आहे.

माझा अंदाज: रिझलिंग आणि पोर्ट सुखरूप. पहिली बोर्दो बहुधा चांगली, दुसरी अर्धी-अर्धी. रिओहा मुळात दणकट. २००१ तिथलं नावाजलेलं वर्ष आणि ग्रान रेसेर्वा म्हणजे किमान दोन वर्षं लाकडात मुरलेली, पण दोन उन्हाळ्यांनी तिचं काय केलं ते उघडल्यावरच दिसेल. शिराझकडून अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक रेड पहिल्या चार-पाच वर्षांत प्यायला केलेल्या असतात.

बिंदुसरा

गोदाकाठ यांनी पाहणी सांगितली, मी उघडण्यापुरतं लिहितो. जुन्या बाटलीचं निम्मं नुकसान इथेच होतं.

गाळ तळाशी बसावा म्हणून बोर्दो आणि रिओहा दोन दिवस आधी उभ्या करा, पोर्ट चार दिवस आधी. फ्रिजमधली एक फळी काढली की उभी बाटली मावते. व्हिंटेज पोर्ट दोन वर्षंच लाकडात राहते आणि न गाळता भरतात, त्यामुळे तिचा गाळ जाड थराचा असतो आणि हलला की लवकर बसत नाही. रिझलिंगच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरेट आहेत, निरुपद्रवी.

कॅप अर्धी कापू नका, पूर्ण काढा, म्हणजे ओतताना मान दिसते. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी असली तर ओल्या फडक्याने पुसा. तिचा आतल्या वाइनशी संबंध नाही.

पंचवीस वर्षांचं बूच साध्या स्क्रूने मधोमध तुटतं, कारण खालचा भाग भिजून मऊ झालेला असतो आणि वरचा काचेला चिकटलेला. दोन पात्यांचा ओपनर घ्या. लांब पातं आधी घालायचं, मग दुसरं, डावी-उजवीकडे हलवत खाली न्यायचं आणि पिळत वर ओढायचं. पण बूच सैल असेल तर हीच पाती त्याला आत ढकलतात. खांद्याच्या मध्यावरच्या बोर्दोत हा धोका पक्का धरा. तिच्यासाठी स्क्रू आणि पाती एकत्र असलेला ड्युरँड मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर लांब, सडपातळ स्क्रू बुचाच्या शेवटापर्यंत घाला आणि एकेक मिलिमीटर वर घ्या. चांगल्या बोर्दोचं बूच ५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे आखूड स्क्रू अर्ध्यातच थांबतो.

तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकला आणि वाइन गाळून घ्या. स्टीलची बारीक गाळणी सर्वांत बरी. मलमल वापरायची तर साबण न लावता उकळलेली. कॉफीचा कागदी फिल्टर आधी गरम पाण्याने धुवा, नाहीतर कागदाची चव उतरते.

ओतताना टॉर्च बाटलीच्या खांद्याखाली उभा ठेवा आणि एका दमात, बाटली परत सरळ न करता, सावकाश ओता. गाळाची रेघ मानेकडे सरकली की थांबा. बोर्दोत ३०-४० मिली मागे राहील, पोर्टमध्ये जास्त.

कोराविनच्या (बूच न काढता वाइन काढायचं यंत्र) सुईने आधी चोरून चव घ्यायचा मोह होईल. इतक्या जुन्या बुचावर नको. सुई काढल्यावर भोक मिटेलच अशी खात्री नसते.

लातूर_पॅटर्न

डिकँटिंगबाबत थोडा मतभेद. गाळ वेगळा करणं आणि हवा देणं ही दोन वेगळी कामं आहेत. १९९६ च्या बोर्दोला पहिल्याची गरज आहे, दुसऱ्याची जपून. दोन तास रुंद डिकँटरमध्ये ठेवलेली म्हातारी वाइन ग्लासात येईपर्यंत संपलेली असते. एकदा उडालेला वास परत आणता येत नाही, हवा मात्र केव्हाही देता येते.

म्हणून रेड बाटली उघडल्याबरोबर २० मिली ओतून वास घ्या. बंद, कोंदट, थोडी गंधकाची वाटली तर अरुंद डिकँटरमध्ये काढा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. लगेच मोकळी, सुगंधी वाटली तर गाळ काढून तशीच वाढा. ९६ च्या मेदोकमध्ये कॅबर्ने द्राक्ष जोरात आहे, ती तास-दीड तास सोसेल. रिओहाला एवढं नको. पोर्टला दोन-तीन तास खुशाल द्या, ती त्याच रात्री संपवायचीही सक्ती नाही, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

क्रम: रिझलिंग, रिओहा, दोन्ही बोर्दो शेजारी-शेजारी, शेवटी पोर्ट. शिराझ राखीव.

मोंढानाका

सगळ्यांचे आभार. पहिल्याच घोटाला विचित्र वास आला तर? कोणता जातो, कोणता जात नाही?

पूर्णामाई

दादा, यादी मोठी आहे, पण घरच्या बैठकीत पाच-सहाच भेटतात.

काडी विझवल्याचा किंवा सडक्या अंड्याचा वास: हवेअभावी साठलेले गंधकाचे संयुग. फिरवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बहुधा जातो. नाहीच गेला तर चकचकीत घासलेली तांब्याची पट्टी ग्लासात अर्धा मिनिट फिरवून काढा. गंधक तांब्याला धरतं.

ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास: बुचातलं टीसीए नावाचं संयुग. लिटरला काही नॅनोग्रामही नाकाला पुरतात. हा जात नाही, उलट हवेने स्पष्ट होत जातो. वीस मिनिटांनी वास वाढला असेल तर संपलं. पॉलिथिनची पिशवी बुडवून ठेवायची युक्ती टीसीए थोडं ओढते, पण चांगला सुगंधही ओढते. प्रयोग म्हणून ठीक. याचा साठवणुकीशी संबंध नाही, सर्वोत्तम तळघरातली बाटलीही अशी निघते.

कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, शिळ्या अक्रोडाचा वास, चव आखूड: हवा लागून गेलेली. तुमच्या दुसऱ्या बोर्दोत हीच भीती. परत येत नाही. तरी अर्धा तास ग्लासात ठेवून बघा, कारण बुचाखाली साठलेल्या वासामुळे पहिला घोट कधीकधी खरी वाइन दिसू देत नाही.

शिजलेल्या फळाचा, मोरांब्याचा वास आणि शेवटी कोरडा कडवटपणा: उष्णतेचा मार. रिओहा-शिराझमध्ये हाच शोधा. पिता येते, पण तरुणपणी काय होती ते कळत नाही.

नेलपॉलिशचा वास थोडा असेल तर जुन्या रिओहात खपतो, नाकात चरचरला तर नाही. तबेल्याचा, ओल्या चामड्याचा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा. त्यात आवडीनिवडी आहेत, मला थोडा चालतो.

रिझलिंगला रॉकेलसारखा वास आला तर तो दोष नाही. टीडीएन नावाचं संयुग वयाबरोबर तयार होतं, उष्णतेत जास्त.

आता आपल्याकडचं. डिसेंबर आहे म्हणून कूलर नसेल हे बरं. वाळ्याच्या टट्ट्यांच्या ओल्या वासात जुन्या रेडचं काही कळत नाही. अगरबत्ती, धूप, मोगऱ्याचे गजरे त्या खोलीत नकोत. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या ग्लासवर पांढरा थर बसतो, शेवटचं पाणी आरओचं घ्या आणि साबणाचा वास राहिलाय का हे रिकाम्या ग्लासात नाक घालून बघा. रेड १५-१६ अंशांवर वाढा, एका वेळी ५०-६० मिलीच. संध्याकाळी खोली २४-२५ ला असते, ग्लास भरभरून ओतलेला असेल तर अर्ध्यावर येईपर्यंत कोमट होतो.

जेवण हा खरा घोळ. येसर किंवा काळ्या मसाल्याचा रस्सा आणि ९६ ची बोर्दो एका ताटात नको, तिखटापुढे उरलेसुरले टॅनिन (वाइनमधली तुरट द्रव्यं) कडू लागतात आणि सुगंध दबतो. आळणी मटण ठेवा, सोबत ज्वारीची भाकरी आणि लोणी. नान खलिया खायचाच असेल तर जुन्या रेड संपवून, शिराझबरोबर. पोर्टला निळ्या बुरशीचं चीज नाही मिळालं तर भाजलेले बदाम पुरेत.

गोदाकाठ

तळघराचं राहिलंच होतं. सावली आणि स्थिरता दोन्ही मिळेल, थंडावा मिळणार नाही. जमिनीत तीन-चार मीटर खाली वर्षभर जवळपास एकच तापमान असतं आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. शॅम्पेनमधली खडूच्या दगडातली तळघरं १०-१२ अंशांवर असतात कारण तिथली सरासरीच तेवढी आहे. मराठवाड्याची २६ च्या आसपास. पेव खणा, बळद बांधा, देवगिरीच्या अंधारीत नेऊन ठेवा, १३ अंश होणार नाहीत.

१३ आणि २६ मधला फरक साधा नाही. १० अंश वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यातही सगळ्या क्रिया सारख्या वाढत नाहीत, म्हणून वाइन नुसती लवकर म्हातारी होत नाही, वेगळ्याच वाटेने जाते. वर्षभरात प्यायच्या बाटल्या तळघरात बिनधास्त ठेवा. दहा वर्षांच्या नको.

लातूर_पॅटर्न

त्याला जोडून, दुसरा वाइन फ्रिज घ्याल तर कॉम्प्रेसरचाच घ्या. पेल्टियरवाले (कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेने गार करणारे) स्वस्त आणि शांत असतात, पण बाहेरच्यापेक्षा फार तर १५-२० अंश खाली जातात. मे महिन्यात खोली ४० ला गेली की आत २०-२५. मागच्या लेबलवर क्लायमेट क्लास बघा. 'एन' ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. आपल्याला 'टी'. स्टॅबिलायझर लावा, भिंतीपासून दहा सेंटिमीटर सोडा. लाइट गेल्यावर दार उघडू नका, भरलेला फ्रिज काही तास तग धरतो.

मोंढानाका

आणि फ्रिजबाहेर, त्या तळघरातच ठेवता येईल असं काहीच नाही का?

बिंदुसरा

आहे की. मदेरा, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची कडक वाइन. ती मुळात तापवूनच करतात, टाकीत ४५-५० अंशांवर किमान तीन महिने, किंवा उबदार माळ्यावर पिंपात वर्षानुवर्षं. हवा आणि उष्णता दोन्ही आधीच सोसलेली असल्याने २६ अंशांचं तळघर तिला काही करत नाही. आडवी ठेवू नका, उभी ठेवा. उघडल्यावरही महिनोन्महिने टिकते. सुरुवातीला दहा वर्षांची वेर्देल्यो किंवा बुआल घ्या. विमानतळावर मिळाली तर दोन लिटरच्या ड्यूटी-फ्री मर्यादेत दोन बाटल्या बसतात.